एकाच गाडीवरचे दोघे



या व्याख्यानमालेला आम्ही गेली पुष्कळ वर्षे येत आहोत. पण आजवर येत होतो ते समोरच्या सतरंजीवर बसण्यासाठी. व्यासपीठावर बसण्याचा हा पहिलाच प्रसंग आहे, आणि बसल्यावर कळले की सतरंजीच अधिक सुखाची होती. आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढे जे काही शिकलो ते नगर वाचनालयातील पुस्तकांतून, कोर्टाच्या निकालपत्रांतून आणि आमच्या अडाणी प्रश्नांना न कंटाळता उत्तरे देणाऱ्या डॉक्टरमंडळींकडून. तेव्हा आज जे सांगावयाचे आहे ते एका विद्यार्थ्याने दुसऱ्या विद्यार्थ्याला सांगावे तसे आहे. ते तसेच ऐकावे, ही विनंती.

विषय आहे: माणसामाणसांतील आनुवंशिक फरक आणि एचआयव्हीचा विषाणू. चिटणीसांना आम्ही हा विषय कळवला तेव्हा त्यांनी सौजन्याने विचारले, "बोनस, किमान वेतन, नवे कामगार कायदे असे काही का नको?" प्रश्न रास्त होता. ट्रक-ड्रायव्हर आणि मार्केट यार्डातील हमाल यांच्या संघटनेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला जनुकांशी काय कर्तव्य? त्याचे उत्तर म्हणून प्रथम एक हकीकत सांगतो.

१९९६ सालची गोष्ट. आमच्या युनियनचे दोन सभासद एकाच गाडीवर होते. दोघेही ड्रायव्हर, एक थकला की दुसरा चाक हातात घेई. पुणे-बेंगळूर रस्ता, तेथून पुढे चेन्नई, आणि परत. एका ढाब्यावर जेवत, एका केबिनमध्ये झोपत. त्यांच्या ज्या काही चुका झाल्या असतील त्याही सारख्याच होत्या, असे त्यांच्यापैकी एकानेच आम्हांस मोकळेपणी सांगितले. त्या वर्षी दोघांचीही रक्ततपासणी महिन्याभराच्या अंतराने झाली आणि दोघांच्याही रक्तात एचआयव्ही निघाला. औषधे तेव्हा परदेशात नुकती निघाली होती. आमच्या माणसांना त्यांची किंमत ऐकणेसुद्धा परवडणारे नव्हते.

थोरला १९९९ च्या पावसाळ्यात गेला. शेवटच्या सहा महिन्यांत तो इतका वाळला होता की खांदा देणाऱ्यांना ओझे लागले नाही. धाकटा मात्र गाडी चालवीत राहिला. २००८ सालापर्यंत त्याने या रोगावरची एकही गोळी घेतली नव्हती, आणि तोवर त्याला गोळीची गरज आहे असे सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांनाही वाटले नव्हते.

थोरल्याची बायको तेरावा झाल्यावर मदतनिधीच्या अर्जावर अंगठा द्यायला आमच्या ऑफिसात आली. गावात तिच्याबद्दल बोलणे सुरू झालेच होते. कोणी म्हणे पूर्वजन्मीचे पाप, कोणी म्हणे हिचाच पायगुण वाईट. अंगठा देऊन झाल्यावर ती उठली नाही. म्हणाली, "दादा, दोघं एकाच गाडीवर होते. मग माझाच का गेला?"

आम्ही म्हणालो, "ताई, नशीब."

मंडळी, दर १ मेला याच गावच्या चौकात उभे राहून आम्ही कामगारांना सांगत आलो की नशीब हा शब्द मालकांच्या सोयीचा आहे, तो तोंडी आणू नका. आणि खरा प्रश्न समोर आला तेव्हा आमच्या तोंडून तोच शब्द निघाला. त्या दिवसाची लाज आम्हांस अजून वाटते. आजचे व्याख्यान म्हणजे त्या बाईच्या प्रश्नाचे उशिरा मिळवलेले उत्तर आहे.

आधी विषाणूची रीत पाहू. एड्सचे पहिले रोगी अमेरिकेत १९८१ साली नोंदले गेले. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील फ्रांस्वाझ बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या चमूने १९८३ साली विषाणू ओळखला. त्याबद्दल या दोघांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात त्याचा पहिला पुरावा १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी शोधला. हा विषाणू आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी एका विशिष्ट जातीच्या पेशींत शिरतो. त्यांना सीडी-४ पेशी म्हणतात. शरीराच्या संरक्षणदलात या पेशी मुकादमाचे काम करतात: कोणी कोठे जावे, कोणावर हल्ला करावा, हे त्या ठरवितात. विषाणू मुकादमांनाच मारतो, आणि मग बाकीचे दल असून नसल्यासारखे होते. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात अशा पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. औषध नसेल तर त्या वर्षानुवर्षे घटत जातात, आणि लागण झाल्यापासून एड्सपर्यंत पोचावयास सरासरी दहा वर्षे लागतात.

पण सरासरी म्हणजे काय, हे आम्हांस कामगारांच्या पगारावरून चांगले ठाऊक आहे. मॅनेजरचा आणि झाडूवाल्याचा पगार एकत्र करून सरासरी काढली की झाडूवाला कागदोपत्री सुखी दिसतो. त्या दहा वर्षांच्या सरासरीत दोन-तीन वर्षांत जाणारेही आहेत आणि वीस-वीस वर्षे औषधावाचून धडधाकट राहणारेही आहेत. सुमारे तीनशे रुग्णांत एखादा असा निघतो की त्याच्या रक्तात विषाणू नेहमीच्या तपासणीत सापडण्याइतकाही उरत नाही. अशा माणसांना शास्त्रज्ञ 'नियंत्रक' म्हणतात. हा फरक कशाने पडतो, हाच आपला प्रश्न आहे.

पहिला मोठा धागा १९९६ साली हाती लागला. म्हणजे आमच्या दोघांची तपासणी झाली त्याच साली. न्यूयॉर्कमध्ये स्टीव्ह क्रोन नावाचे एक चित्रकार होते. त्यांचा जोडीदार १९८२ साली या रोगाने गेला. पाठोपाठ कितीतरी मित्र गेले. त्यांना स्वतःला मात्र लागण झाली नाही. आपल्यात काही वेगळे आहे काय हे तपासा, असे म्हणत ते स्वतः होऊन शास्त्रज्ञांकडे गेले. त्यांच्या पेशी काचेच्या बशीत घेऊन त्यांवर विषाणू सोडण्यात आला, आणि तो आत शिरू शकला नाही.

कारण असे निघाले. पेशीत शिरण्यासाठी विषाणूला दोन गोष्टी लागतात. सीडी-४ ही जणू दाराची कडी. पण कडी धरून भागत नाही, दारही लागते. त्या दाराचे नाव सीसीआर-५. हे दार कसे घडवावे याची कृती आपल्या जनुकांत लिहिलेली असते. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा त्या कृतीच्या दोन प्रती प्रत्येकाजवळ असतात. माणसाच्या साऱ्या आनुवंशिक लिखाणात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. काही माणसांत या एका कृतीतली ३२ अक्षरे गळालेली असतात. गळालेल्या कृतीवरून घडवलेले दार पेशीच्या भिंतीवर बसतच नाही. दोन्ही प्रती अशा असतील तर विषाणूला सहसा शिरता येत नाही. एकच प्रत अशी असेल तर लागण होते, पण रोग सरासरी दोनएक वर्षे सावकाश वाढतो.

येथे कोणी विचारील, मग आमच्या धाकट्याचे दार असेच नसेल काय? बहुतेक नसावे. ही ३२ अक्षरांची गळती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत आढळते. उत्तर युरोपात पुष्कळ जणांजवळ एक प्रत आणि शंभरांत सुमारे एकाजवळ दोन्ही प्रती असतात. आफ्रिकेत, पूर्व आशियात ती जवळजवळ नाही, आणि आपल्या देशात अगदी विरळा. शिवाय धाकट्याला लागण तर झालीच होती. विषाणू आत आलाच होता. प्रश्न होता तो आत आल्यानंतरच्या झुंजीचा. तेव्हा दार सोडून घरात जावयास हवे.

आता जे सांगतो ते किंचित अवघड आहे. पण मार्केट यार्डात ज्यांनी एक सकाळ काढली आहे त्यांना अवघड जाऊ नये. धान्याची पोती उतरली की आडत्याचा माणूस टोकदार लोखंडी नळी पोत्यात खुपसतो आणि मूठभर धान्य बाहेर काढून पाहतो. पोते न फोडता आत काय आहे ते कळते. आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी हेच काम स्वतःहून करीत असते. आत जी प्रथिने तयार होतात त्यांचे बारीक तुकडे ती बाहेरच्या अंगाला मांडून ठेवते. संरक्षणदलातल्या मारक पेशी फिरत फिरत हे नमुने पाहतात. नमुना घरचा असेल तर पुढे जातात. परका दिसला, म्हणजे विषाणूचा दिसला, तर ती पेशी मारून टाकतात. हा शोध पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी १९७४ च्या सुमारास लावला, आणि त्यांना नोबेल मिळाले तेही १९९६ सालीच.

ज्या तबकात हे नमुने मांडले जातात त्या तबकांना एचएलए म्हणतात. त्यांच्या कृती सहाव्या गुणसूत्रावर लिहिलेल्या आहेत. आणि गंमत अशी की माणसांच्या एकूण लिखाणात जास्तीत जास्त फरक कोठे असेल, तर तो याच मजकुरात. नाकडोळ्यांतला फरक आपल्याला दिसतो. हा दिसत नाही, पण आहे मोठा. प्रत्येक जातीच्या तबकाचा खळगा निराळा असतो. एका तबकात विषाणूचा एक तुकडा बसतो, तर दुसऱ्यात भलताच.

यात महत्त्वाचे काय? तर कोणता तुकडा मांडला जातो, यावर झुंजीचा निकाल ठरतो. एचआयव्ही हा फार झपाट्याने रूप बदलणारा विषाणू आहे. मारक पेशी ज्या तुकड्यावरून त्याला ओळखतात तोच तुकडा तो बदलतो आणि निसटतो; पोलिसाने सदऱ्यावरून ओळखावे आणि चोराने सदराच बदलावा, तसे. पण काही तुकडे असे आहेत की ते बदलले तर विषाणूचे स्वतःचे कवच नीट जुळत नाही, आणि तो लंगडा पडतो. सदरा बदलता येतो, पाठीचा कणा बदलता येत नाही. बी-५७ आणि बी-२७ या नावांची तबके ज्यांच्याजवळ असतात, त्यांच्या पेशी नेमके असे कण्याचे तुकडे बाहेर मांडतात. अशा माणसांत विषाणू पुष्कळदा दबून राहतो. उलट बी-३५ या तबकाचे काही प्रकार असणाऱ्यांत रोग लवकर वाढतो.

हे काही पाचपन्नास रुग्ण पाहून केलेले विधान नाही. अमेरिकेतील ब्रूस वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतील संशोधकांना एकत्र करून ९७४ नियंत्रक आणि नेहमीप्रमाणे रोग वाढत गेलेले २६४८ रुग्ण यांची जनुके ताडून पाहिली. तो अहवाल २०१० साली प्रसिद्ध झाला. साऱ्या लिखाणात जेथे जेथे निश्चित फरक सापडले अशा तीनशेहून अधिक जागा निघाल्या, आणि त्या सगळ्याच्या सगळ्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलएच्या आसपास होत्या. आणखी खोलात गेल्यावर दिसले की तबकाच्या खळग्यातली थोडीशी घटकद्रव्ये बदलली की पारडे या बाजूचे त्या बाजूला झुकते.

याच विषयातील आणखी एक शोध आम्हांस विशेष आवडतो, आणि का ते आपण ओळखालच. मेरी कॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवून दिले की ज्याला आईकडून एका प्रकारची आणि बापाकडून निराळ्या प्रकारची तबके मिळतात, त्याचा रोग सावकाश वाढतो; ज्याची दोन्हीकडची तबके सारखीच, त्याचा झपाट्याने. कारण उघड आहे. तबके जितकी विविध, तितके अधिक तऱ्हेचे नमुने बाहेर मांडले जातात, आणि विषाणूला निसटावयास तितक्या अधिक वाटा बंद होतात. एकाच साच्याची माणसे भरलेली युनियन मालक एका युक्तीने फोडतो. तऱ्हेतऱ्हेची माणसे असली की त्याला तऱ्हेतऱ्हेच्या युक्त्या लागतात. उपमेपेक्षा तिला अधिक महत्त्व देऊ नये. पण ती सुचली हे लपवीत नाही.

इतके ऐकल्यावर मनात येईल की ही तर जनुकांची जन्मपत्रिकाच झाली. ग्रहांच्या ऐवजी जनुके, आणि ज्योतिष्याच्या ऐवजी डॉक्टर! आमच्याही मनात हे आले होते. ते खरे नाही, आणि का नाही, हे सांगणे आजच्या व्याख्यानाचा मुख्य हेतू आहे.

पहिली गोष्ट, हिशेबाची. औषध न घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात विषाणू किती असतो, याच्या फरकाचा जो हिशेब युरोपीय वंशाच्या हजारो रुग्णांवरून केला गेला, त्यात माणसाच्या जनुकांचा वाटा सुमारे पाव निघाला. बाकीचा मोठा वाटा खुद्द विषाणूच्या जातीचा, वयाचा, इतर रोगांचा, आणि अजून न उलगडलेल्या कारणांचा. बी-५७ असलेले सारेच नियंत्रक होत नाहीत; पुष्कळांचा रोग वाढतोच. आणि कित्येक नियंत्रकांजवळ बी-५७ नसते. पत्रिका एवढी ढिली असेल तर तिला पत्रिका म्हणू नये.

दुसरी गोष्ट, कोणतेही जनुक सदासर्वदा चांगले किंवा वाईट नसते. बी-५७ चा जो मुख्य प्रकार युरोपात आणि आपल्याही देशात आढळतो, तो विषाणूला दाबतो. पण त्याच माणसाला अबाकाविर नावाचे एचआयव्हीवरचेच औषध दिले तर ताप, पुरळ येऊन जिवावर बेतू शकते. बी-२७ विषाणूला दाबते, पण पाठीचा कणा आखडवणाऱ्या एका संधिवाताशीही त्याचा घट्ट संबंध आहे. सीसीआर-५ चे दार नसणाऱ्यांना एचआयव्हीपासून संरक्षण मिळते, पण डासांतून येणाऱ्या वेस्ट नाईल तापाने आजारी पडण्याचा धोका वाढतो. म्हणजे उच्च जनुके आणि नीच जनुके अशी उतरंड लावताच येत नाही. एका दुखण्यात जो श्रेष्ठ, तो दुसऱ्यात दुबळा. हजारो वर्षे जन्मावरून माणसांची उतरंड लावणाऱ्या देशात हे वाक्य मोठ्याने म्हणावयास हवे, म्हणून म्हणतो.

तिसरी गोष्ट, विषाणू स्वस्थ बसत नाही. जपानात बी-५१ या तबकाचे लोक पुष्कळ आहेत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की ज्या समाजात जे तबक अधिक, तेथे फिरणारा विषाणू त्या तबकाला चुकवणारे रूप घेऊन पसरू लागतो. जपानात बी-५१ पासून पूर्वी जो लाभ होता तो त्यामुळे ओसरला. नैरोबीच्या पुमवानी वस्तीतील वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास १९८० च्या दशकापासून केन्याच्या आणि कॅनडाच्या डॉक्टरांनी केला. वर्षानुवर्षे विषाणूशी गाठ पडूनही त्यांतील काही थोड्या स्त्रियांना लागण झाली नाही. जगभर त्यांची चर्चा झाली. पण पुढे त्यांतीलही काहींना लागण झालीच. तेव्हा जन्मजात लाभ ही गोष्ट आहे. ते चिलखत मात्र नव्हे. "मला काही होत नाही" असे म्हणून कोणी निष्काळजीपणा करील तर शास्त्र त्याच्या बाजूला नाही.

मग या विद्येचा उपयोग काय? उपयोग पुष्कळ आहे. ते दार न उघडताही माणूस जगतो, हे कळल्यावर दारालाच बूच लावणारे माराविरोक हे औषध निघाले आणि २००७ साली वापरात आले. अबाकाविरचे म्हणाल तर शंभरांत पाच ते आठ रुग्णांना त्याचा त्रास होई. तो बी-५७ च्या एका प्रकारामुळे होतो हे २००२ साली उमगले, आणि आधी रक्त तपासून मग औषध दिले तर तो त्रास टाळता येतो, हे २००८ साली जवळजवळ दोन हजार रुग्णांवरील चाचणीने सिद्ध झाले. एका साध्या तपासणीने माणसे वाचतात. जनुकांची माहिती रुग्णाच्या हितासाठी वापरणे म्हणजे काय, याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

बर्लिनची कथा आपण वर्तमानपत्रांत वाचली असेल. टिमोथी ब्राउन नावाच्या अमेरिकन गृहस्थांना एचआयव्ही होता आणि वर रक्ताचा कर्करोग झाला. डॉ. गेरो ह्यूटर यांनी त्यांच्यासाठी मूळ रक्तपेशी देणारा मुद्दाम असा दाता शोधला की ज्याच्या सीसीआर-५ च्या दोन्ही प्रतींत ती ३२ अक्षरे नव्हती. २००७ आणि २००८ साली दोनदा रोपण झाले. ब्राउन एचआयव्हीतून मुक्त झाले आणि २०२० साली गेले ते कर्करोग उलटल्यामुळे. हा उपचार फार धोक्याचा; तो कर्करोगासाठीच करावा लागला होता. लाखो लोकांना तो देता येणार नाही. पण एचआयव्हीतून माणूस सुटू शकतो हे त्याने प्रथम दाखवले.

याच ज्ञानाचा दुरुपयोग कसा होतो तेही पाहा. २०१८ च्या नोव्हेंबरात चीनमधील हे जियानकुई नावाच्या संशोधकाने जाहीर केले की गर्भावस्थेआधीच सीसीआर-५ चे जनुक कापून त्याने जुळ्या मुली जन्माला घातल्या आहेत. बाप एचआयव्हीबाधित होता. पण बापाकडून मुलाला लागण होऊ नये यासाठी साधे, सुरक्षित उपाय आधीपासून होते. जगभरच्या शास्त्रज्ञांनी निषेध केला आणि २०१९ च्या डिसेंबरात चिनी कोर्टाने त्याला तीन वर्षांची कैद दिली. त्या मुलींना कोणी विचारले नव्हते, आणि विचारता येणेही शक्य नव्हते.

परदेशात जावयास नको. आपल्याच दारचा दुरुपयोग सांगतो. आमच्या धाकट्याच्या रक्तात विषाणू आहे हे मालकाच्या कानी गेले आणि मालकाने त्याला गाडीवरून उतरविले. माणूस धट्टाकट्टा, वीस टन माल घेऊन घाट चढणारा. पण कागदावर एक अक्षर आले आणि तो नालायक ठरला. तेव्हा आमच्या हाती मुंबई उच्च न्यायालयाचा १९९७ सालचा निकाल आला. एका हंगामी कामगाराला एचआयव्ही निघाल्यामुळे काम नाकारले गेले होते. कोर्टाने त्याचे नावही झाकून ठेवले. निकालपत्रात तो 'एमएक्स' आहे आणि कंपनी 'झेडवाय'. कोर्ट म्हणाले की जो काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून इतरांना धोका नाही, त्याला केवळ या कारणाने काम नाकारता येणार नाही. ते निकालपत्र आम्ही शब्दकोश जवळ घेऊन चार रात्री वाचले आणि पाचव्या दिवशी मालकापुढे ठेवले. धाकटा परत गाडीवर चढला. पुढे २०१७ साली संसदेने कायदाच केला आणि तो २०१८ च्या सप्टेंबरात अमलात आला. नोकरी देण्यासाठी एचआयव्हीची तपासणी मागणे त्याने बेकायदा ठरविले.

आता विचार करा. उद्या एखादा मालक म्हणाला, तुमच्या जनुकांचा दाखला आणा. ज्यांची तबके बळकट त्यांनाच कामावर घेतो, तर? अमेरिकेने २००८ साली अशा भेदभावाविरुद्ध कायदा केला. जे एचआयव्हीसंबंधी आपल्याकडे कायद्याने झाले, ते जनुकांसंबंधीही स्पष्ट शब्दांत व्हावयास हवे. रोग्याचा डॉक्टर आणि कामगाराचा मालक, या दोघांच्या हातात एकच कागद गेला तर त्याचे दोन अर्थ होतात.

आणि शेवटची, सर्वांत मोठी गोष्ट. जनुकांचा हा जो फरक, तो ज्या रोजच्या गोळीने जवळजवळ बुजवून टाकला, ती गोळी जनुके विचारीत नाही. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा मिलाफ दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केला आणि जगाचा भावच पाडला. १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह देशातील सर्वाधिक बाधित राज्यांत सरकारने मोफत औषधे सुरू केली. नऊ देशांतील १७६३ जोडप्यांवर एक चाचणी झाली, तिची केंद्रे आपल्या पुण्यातही होती आणि चेन्नईतही. २०११ साली तिचा निष्कर्ष आला: लागण झालेल्या जोडीदाराने लवकर औषध घेतले तर दुसऱ्याला लागण होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटते. २०१७ पासून आपल्या देशात तपासणीत एचआयव्ही निघाला की पेशी घटण्याची वाट न पाहता औषध सुरू करतात. ज्याच्याजवळ बी-५७ आहे तोही गोळी घेतो, ज्याच्याजवळ बी-३५ आहे तोही घेतो, आणि दोघेही म्हातारे होतात.

म्हणून त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग शरीराचा. आमच्या दोघांची जनुके कोणी तपासली नाहीत. लागण कोणाला आधी झाली, हेही कोणास नक्की ठाऊक नाही. तेव्हा ठाम बोलता येणार नाही. पण एकाच रोगाशी दोन शरीरे दोन तऱ्हांनी झुंजतात, त्यात पापाचा, पुण्याचा, पायगुणाचा काडीचाही संबंध नाही, हे ठाम सांगता येते. दुसरा भाग समाजाचा. थोरला १९९९ साली गेला, आणि मोफत औषध आले २००४ साली. ती पाच वर्षे कोणाच्या जनुकांत लिहिलेली नव्हती. पहिल्या भागापुढे आपण नम्र व्हावे. दुसऱ्या भागापुढे नम्र होण्याचे कारण नाही.

धाकट्याच्या सीडी-४ पेशी २००८ साली घटू लागल्या. तेव्हापासून तो गोळ्या घेतो. आता साठी ओलांडली. गाडी सोडली, नातवाला शाळेत पोचवतो. थोरल्याच्या बायकोलाही लागण झाली होती. मोफत औषधे सुरू झाली तेव्हा तिचे नाव पहिल्या यादीत होते. ती अजून यार्डात कांदा निवडते. हे व्याख्यान ठरल्यावर आम्ही तिच्याकडे गेलो आणि दारातल्या खाटेवर बसून, जे आपणांस सांगितले तेच तिला सांगितले: दार, तबके, सदरा आणि कणा. तिने निवडण्याचे हात न थांबवता सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "हे तवा सांगितलं असतंत दादा, तर सासूला सांगता आलं असतं."

तिची सासू २००३ सालीच वारली होती.

बंधुभगिनींनो, उत्तर उशिरा मिळाले. आपल्या घरी, आपल्या आळीत, आज कोणाला असाच प्रश्न पडला असेल तर त्याला 'नशीब' म्हणून वाटेला लावू नका. सरकारी दवाखान्याची वाट दाखवा, आणि एवढे सांगा की यात तुझा दोष नाही. आता परत सतरंजीवर येतो.